चिनी आजी, विलायती अंगण

शांघायच्या नैऋत्येला तीसेक किलोमीटरवर सोंग्ज्यांग लागते. भुयारी रेल्वेतून उतरून टॅक्सी करावी, तो पाहता पाहता विलायत सुरू! तांबड्या विटांची घरे, टेलिफोनचे तांबडे खोके, चर्चिलसाहेबांचा पुतळा आणि ब्रिस्टलमधल्या एका चर्चची हुबेहूब नक्कल. याचे नाव थेम्स टाउन. शहराभोवती परदेशी धाटणीची गावे वसवण्याची टूम 2001 साली निघाली. इंग्रजांच्या ॲटकिन्स कंपनीने नकाशे काढले आणि 2006 साली हे गाव उभे राहिले. घरे खपली, पण बहुतेकांनी ती पैसा गुंतवायला घेतलेली. त्यामुळे रस्त्यावर रहिवासी थोडे आणि लग्नाचे फोटो काढायला आलेली जोडपीच फार.

परंतु हा देखावा पाहून परतणारा प्रवासी अर्धेच पाहून परततो. 2018 च्या हिवाळ्यात ओळखीच्या एका इंजिनिअरांनी जेवायला बोलावले, म्हणून मला आतले चीन दिसले.

दारावर तांबड्या कागदावरचे ‘फू’, म्हणजे सौभाग्य, हे अक्षर चक्क उलटे! ‘उलटे’ आणि ‘आले’ हे चिनी शब्द कानाला सारखेच लागतात. म्हणजे सौभाग्य घरी आले. जोडे आपल्यासारखेच दाराशी काढले, पण अनवाणी राहू देतील तर शपथ! लगेच सपाता पुढे आल्या, पाठोपाठ गरम पाण्याचा पेला. स्वयंपाकघर नकाशात दिवाणखान्याला खुले होते. यजमानांनी मध्ये काचेचे सरकते दार बसवून घेतले होते. कढईतले तेल धुरावू लागले म्हणजे विलायती नकाशाचे काय चालणार? झोपायच्या खोल्या मात्र दक्षिणेकडे तोंड केलेल्या. याबाबतीत चिनी माणूस तडजोड करीत नाही. जवळच्या आन्तिंगला जर्मनांनी असेच गाव रचले, तेव्हा पुष्कळ घरांना दक्षिणेचे ऊन नाही म्हणून गिऱ्हाइकांनी नाके मुरडली होती.

यजमान आणि त्यांची पत्नी, दोघेही आईबापांची एकुलती एक. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक या घरात गेलेली, आणि जमीन सरकारची. हक्क 70 वर्षांचा. हप्त्यांपायी दोघे सकाळी सातला शहर गाठतात ते रात्री आठला परततात. मागे आजी आणि नातू.

आजींनी शहरातल्या जुन्या गल्लीत उभी हयात काढलेली. “तिथे संध्याकाळी वेताची खुर्ची बाहेर टाकली की शेजारणीच्या चुलीवर काय शिजतेय ते कळायचे,” त्या म्हणाल्या. मुलगा दुभाषा होता. “इथे खिडकीतून नुसत्या नवऱ्या दिसतात!”

गंमत अशी, की दगडी चौकटीच्या दारांच्या त्या गल्ल्याही एकोणिसाव्या शतकात परक्यांच्या वसाहतींत उठल्या. रांग विलायती, आतला चौक चिनी. हे मी सांगताच आजी मनसोक्त हसल्या. त्यांची गल्ली आणि परकी?

मग त्यांनी मला मागचे अंगण दाखवले. हिरवळ खणून पालेभाजी आणि कांद्याची पात लावलेली, नक्षीदार लोखंडी कठड्यावर दुलया उन्हात घातलेल्या. सून कुरकुरली, “वसाहतीच्या व्यवस्थापकांची दोनदा सूचना आलीय, आई.” आजींना ऐकू आले नसावे.

जेवताना घंटी वाजली. दारात शेजारची एक म्हातारी, हातात आजींचाच वाडगा. सकाळी त्यातून पात गेली होती. आता त्यात वाफाळते मोदकासारखे काहीतरी होते. आजींनी तिला आत ओढले, सपाता दिल्या, आणि आमच्याकडे पाठ करून दोघी जोरजोरात बोलू लागल्या. यजमानांनी दुभाष्याचे काम तिथेच सोडून दिले.