महिनाभराचें बिऱ्हाड

परदेशप्रवासाचा बेत करणाऱ्यांपुढें पहिली अडचण पैशाची असते, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हां चौघां मित्रांचा अनुभव निराळा आहे. जन्मभराच्या उद्योगानें थोडाबहुत पैसा गांठीं होता. प्रकृति उत्तम असल्याचें ज्यानें त्यानें स्वतःविषयीं जाहीर केलें होतें. घरच्या मंडळींची संमतिही मिळाली होती. घोडें अडलें तें एका साध्या प्रश्नापाशीं. जावें कोठें?

आमच्यांत एक वकील, एक डॉक्टर, एक संस्कृतचे प्राध्यापक आणि चौथा प्रस्तुत लेखक. विद्यार्थिदशेंत पुण्यास एका खोलींत चौघांनीं तीन वर्षें काढलीं, तेव्हांच एकदां मिळून परदेशीं जाण्याचा संकल्प आम्हीं सोडला होता. पुढें संसार, मुलाबाळांचीं शिक्षणें, घरांतलीं दुखणींबाणीं यांत तो तसाच राहिला. आतां चौघेही मोकळे झालों होतों. महिना ठरविण्यास मात्र वेळ लागला नाहीं. मे महिन्यांत कोर्टास सुटी असते. शिवाय त्या दिवसांत लेकी माहेरीं येतात, आमचें एकत्र कुटुंबाचें घर नातवंडांनीं भरून जातें, आणि आईजवळ माणसांची उणीव पडत नाहीं. तिचें वय शहाऐंशी. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या त्या काळीं समुद्र ओलांडणें म्हणजे केवढें धाडस होतें, हें मी तिला सांगूं लागलों. ती म्हणाली, “तुला कोणी प्रायश्चित्त देणार नाहीं. गोळ्यांची डबी विसरूं नकोस म्हणजे झालें.”

पहिली बैठक डॉक्टरांच्या ओसरीवर भरली. वकिलांनीं खिशांतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर युरोपांतील नऊ देशांची यादी तारखांसह मांडली होती. एकाच शेंगेन व्हिसावर २९ देशांत फिरतां येतें, हें त्यांच्या युक्तिवादाचें मुख्य कलम. मी जपानचें नांव काढलें. चेरीचा बहर पाहावा अशी माझी फार दिवसांची हौस. प्राध्यापकांनीं शांतपणें आठवण दिली कीं, तोकियो-क्योतोकडील बहर मार्चअखेरीस येतो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत ओसरतो. मे महिन्यांत आम्हांला पाहावयास मिळेल ती पानांची हिरवळ. माझा दावा असा खर्चासह निकालांत निघाला.

प्राध्यापकांच्या मनांत जावा होतें. तेथील बोरोबुदूर आणि प्रांबानन यांचीं चित्रें ते वर्गांत वर्षानुवर्षें दाखवीत आले होते. वकील म्हणाले, “अहो, एका बेटावर महिनाभर करावयाचें काय?” वाद बराच रंगला. डॉक्टर मात्र चहा ओतीत बसले होते. “मला कोठेंही चालेल,” एवढेंच ते म्हणाले.

दुसऱ्या बैठकींत वकील आपली यादी पुन्हां वाचूं लागले. ह्या गांवीं टेंकडीवरचा किल्ला, त्या गांवीं चर्चचा मनोरा, वरून दिसणारा देखावा अप्रतिम. ऐकतां ऐकतां मला मागच्या कार्तिकांतील एक सकाळ आठवली. आम्ही पर्वतीवर चाललों असतां डॉक्टर अर्ध्या वाटेवर बसले होते आणि “तुम्ही व्हा पुढें, मी जरा वारा खातों,” असें म्हणाले होते. आम्ही उतरून आलों तेव्हांही ते तेथेंच होते. त्या वेळीं त्याचें कांहींच वाटलें नव्हतें.

यादी संपली. डॉक्टरांनीं चष्मा पुसला आणि म्हटलें, “तुम्ही तिघे जा. माझे गुडघे गेले आहेत. जन्मभर लोकांना सांगत आलों, दुखणें लपवूं नका म्हणून. स्वतःचें सांगावयास मात्र जीभ रेटेना.”

कोणीच बोललें नाहीं. वकिलांनीं कागदाची घडी घालून तो खिशांत ठेवला. कांहीं वेळानें, साक्षीदारास विचारावें तसें, त्यांनीं विचारलें, “डॉक्टर, पायऱ्या किती चढवतील? नक्की आंकडा सांगा.”

“वीस. आणि उतरावयाच्या त्याहून कमी.”

“ठीक. आतां वीस पायऱ्यांत बसेल तो देश शोधूं या.”

त्या दिवशीं प्रथमच आमची चर्चा खऱ्या अर्थानें सुरू झाली, असें मला वाटतें. तोंवर प्रत्येक जण आपल्याला काय पाहावयाचें आहे तेवढेंच सांगत होता. चौघांनीं दिवस कसा काढावयाचा, हा प्रश्न कोणी केलाच नव्हता. हिशेब करतां दिसून आलें कीं, नऊ देश म्हणजे आठ स्थलांतरें. प्रत्येक वेळीं सामान बांधणें, स्टेशन गांठणें, नवी खोली, नवा जिना. जाण्यायेण्याचे दिवस धरून महिन्यांतील दहा दिवस ह्या धांवपळींत जाणार, आणि उरलेल्या वीस दिवसांतही डॉक्टर रोज कोठल्या तरी पायथ्याशीं एकटे बसणार.

मग जाव्याचा विचार निघाला. गंमत अशी कीं, बोरोबुदूर म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, हें प्राध्यापकांनीं स्वतःच कबूल केलें. परंतु त्यांनीं पुढें जें सांगितलें तें सर्वांस पटलें. योग्यकर्ता शहर बऱ्याच अंशीं सपाटीवर वसलेलें आहे. तेथें एकच घर घेऊन महिनाभर राहावें. बोरोबुदूर तेथून सुमारें ४० किलोमीटर, प्रांबानन त्याहून जवळ. चढावयाच्या सकाळी सगळ्या महिन्यांत दोन. बाकीचे दिवस चौघांचे. भारतीयांस उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें मे महिन्यांत तिकडे पाऊस ओसरून कोरडा ऋतु लागतो. वकिलांनीं ‘हरकत नाहीं’ असा निकाल दिला, आणि नऊ देशांचा आग्रह त्यांनीं पुन्हां कधींही काढला नाहीं.

मुंबईहून विमानानें जकार्ता आणि तेथून आगगाडीनें योग्यकर्ता, असे आम्ही पोहोंचलों. शहराच्या नांवाचा संबंध अयोध्येशीं जोडतात. तेथें आजही सुलतान आहेत आणि तेच त्या प्रांताचे गव्हर्नर असतात. आम्हीं लहानसें अंगण असलेलें, जिना नसलेलें घर घेतलें. पहिल्या आठवड्यांत शाकाहारी प्राध्यापकांचे थोडे हाल झाले; कारण तेथील चटण्यांत सुकटीचा वाटलेला मसाला बेमालूम मिसळलेला असतो. मग आम्ही स्वतःच चूल पेटविली. तांदूळ, नारळ, मूग, कच्चा फणस यांना तोटा नव्हता. गोडा मसाला घरून आणला होता. सोयाबीन आंबवून केलेल्या ‘तेंपे’च्या वड्या तळल्यावर वकिलांस इतक्या आवडल्या कीं, बाजाराचें काम त्यांनीं आपणहून पत्करलें.

डॉक्टरांचें वाहन म्हणजे तेथील ‘बेचाक’. ही तीन चाकांची सायकलरिक्षा. हिच्यांत उतारू पुढें आणि चालक मागें बसतो. रोज सकाळीं ते तींतून फेरफटका करीत आणि परत येतांना वहींत नवे शब्द टिपून आणीत. तेथील भाषेंत तोंडाला ‘मुका’, डोक्याला ‘कपाला’, नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’ आणि खेड्याला ‘देसा’ म्हणतात. आपले स्वामी, स्त्री, देश आणि कपाल एवढ्या लांब येऊन असे संसारास लागलेले पाहून आम्हांला मोठें नवल वाटे.

एका संध्याकाळीं प्रांबाननच्या पार्श्वभूमीवर उघड्या रंगमंचावर होणारें रामायणनृत्य पाहिलें. १९६१ पासून हा उपक्रम चालत आला आहे. जाव्यांतील बहुसंख्य लोक मुसलमान. पण रामकथा त्यांनीं टाकलेली नाहीं. सीतेला नेणारा रावण पाहतांना शेजारची आजीबाई हळहळत होती, तेव्हां भाषा न कळूनही आम्हांला दुभाष्याची गरज भासली नाहीं.

बोरोबुदूरला मात्र डॉक्टर खालीं बागेंत थांबले आणि आम्ही तिघे वर गेलों. दगड झिजूं नयेत म्हणून चढणाऱ्यास खास विणलेल्या पादुका देतात. त्यांना तेथें ‘उपानत्’ म्हणतात, हें ऐकून प्राध्यापकांनीं भर उन्हांत आम्हांला ‘उपानह्’ शब्दाचें प्रथमेचें रूप सांगितलें. नवव्या शतकांतील हें महाचैत्य. भिंतींवर दोन हजारांहून अधिक शिल्पपट, माथ्यावर ७२ जाळीदार स्तूप, आणि पूर्वेस मेरापी ज्वालामुखी. २०१० सालीं ह्याच मेरापीची राख ह्या स्तूपांवर पडली होती. देखावा भव्य होता, यांत शंका नाहीं. तरी वर असतांना आम्हां तिघांचीही नजर वारंवार खालच्या झाडांकडे जात होती.

उतरून आलों तों डॉक्टर एका म्हाताऱ्या माळ्याशेजारीं बांकावर बसून वहींत कांहीं लिहीत होते. “ह्यानें तुमच्याकडे बोट दाखवून एक शब्द विचारला,” ते म्हणाले. “सावुदारा. मी मान डोलावली. पण अर्थ काय?”

प्राध्यापकांनीं क्षणभर विचार केला. “आपला ‘सोदर’. एका आईच्या पोटचे ते. ‘हे तुझे भाऊ का?’ असें तो विचारीत होता.”

डॉक्टरांनीं शब्दापुढें अर्थ लिहून वही मिटली. वकिलांनीं त्यांच्या हाताला हात दिला आणि आम्ही सावकाश गाडीकडे चाललों.

वाचकांपैकीं कोणी असा बेत करीत असतील, तर आमचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हें लिहिलें. आठ दिवसांचा प्रवास पाहण्याचा असतो. महिन्याचा प्रवास म्हणजे बिऱ्हाड. नकाशा उघडण्यापूर्वीं सोबत्यांस एकदां विचारून घ्यावें: पायऱ्या किती चढवतात, जेवावयास काय लागतें, घरीं मागें कोणाकडे जीव लागून राहणार आहे. उत्तरें खरीं मिळालीं कीं, देश ठरविणें फारसें अवघड राहत नाहीं.

पुढील प्रवासाचा खल आमच्याकडे सुरू झालाच आहे. परवा वकील नवा कागद घेऊन आले. त्यावर देशाचें नांव एकही नव्हतें. सर्वांत वर लिहिलें होतें: पायऱ्या, पंधरा.