अडीच बाय साडेतीन

पत्त्याच्या पानाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. रुंदी अडीच इंच, लांबी साडेतीन इंच. एवढ्याशा जागेत काढून काढून काय काढणार, असं कुणालाही वाटेल. पण एकदा जुन्या लग्नपत्रिकेतून असा तुकडा कापून समोर ठेवा. रविवारची दुपार कधी सरली ते कळणार नाही!

हा छंद जगभर पसरलेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात १९९७ साली व्हान्ची स्टिर्नेमान या कलावंताने हाताने केलेल्या बाराशे कार्डांचं प्रदर्शन मांडलं आणि बघायला आलेल्यांनाही सांगितलं, की तुम्हीही करा, आपण एकमेकांशी बदलून घेऊ. नियम अगदी थोडे. माप ठरलेलं. मागे नाव आणि तारीख लिहायची. आणि मुख्य म्हणजे कार्ड विकायचं नाही. ज्याला तुमचं हवं, त्याने स्वतःचं द्यायचं. रंग, कापड, दोरा, वाळलेलं पान, काहीही चालतं.

माझं माहेर बेळगावचं, सासर वारासिवनीचं. गेली वीस वर्षं मी इथल्या महाविद्यालयात शिकवते. बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव मध्य प्रदेशात असलं तरी गोंदिया जवळ, त्यामुळे बाजारात हिंदी आणि घराघरांत मराठी कानावर पडते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्याला जोडले गेले आणि तोवर नागपूर राजधानी असलेलं हे गाव नव्या मध्य प्रदेशात राहिलं. म्हणजे मी एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसले, इतकंच!

इथे आम्ही सात जणी महिन्यातून एकदा जमतो. दोघी कॉलेजातल्या, एक बँकेतली, एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, दोघी शेजारणी आणि एक विणकराच्या घरातली वहिनी. वारासिवनीची हातमागाची साडी प्रसिद्ध आहे, २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. वहिनी मागावर उरलेले रेशमी धागे घेऊन येतात आणि ते पुठ्ठ्यावर असे काही बसवतात, की भाताचं शेत वाऱ्यावर हलतंय असं वाटतं. सगळ्यांची कार्डं सतरंजीवर मांडायची, चहा घ्यायचा आणि मग अदलाबदल. माझ्या वेड्यावाकड्या कमळाच्या बदल्यात वहिनींचं शेत मिळतं. दुसऱ्या कुठल्या बाजारात असा सौदा होईल सांगा!

माझी लेक आणि तिची बेळगावची अज्जी यांच्यातही हाच व्यवहार चालतो, पोस्टाने. माझी आई मूळची धारवाडची, तिच्या बोटांत कसुती आहे. इरकलच्या तुकड्यावर ती गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती भरते. तिने पहिल्याच खेपेला आमचा नियम मोडला. कापड पुठ्ठ्यावर चिकटवायला ती तयार होईना. गवंतीचा टाका दोन्हीकडून सारखाच दिसतो, गाठ कुठेच नसते. मग पाठ झाकायची कशाला, असा तिचा प्रश्न. शेवटी पुठ्ठ्याची चौकट कापून तिने कापड कडेने शिवलं आणि चौकटीवर कन्नडात नाव घातलं. माझी लेक हिंदीत वाढलेली. अज्जीचं नाव वाचायचं म्हणून ती कन्नड अक्षरं गिरवायला लागली. आता अज्जी दर कार्डावर एक नवा शब्द लिहून पाठवते. आईला दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रियेनंतरही बारीक टाका पहिल्यासारखा दिसत नाही. हल्ली हत्तीऐवजी नुसती वेल येते. लेक मात्र ती वेल पहिल्या हत्तीशेजारीच लावते.

गेल्या वर्षी आमच्या मंडळात एक पेच पडला. एका मैत्रिणीकडे नागपूरहून पाहुण्या आल्या होत्या. वहिनींची कार्डं बघून त्या म्हणाल्या, मला वीस करून द्या, पैसे देते. वहिनींच्या मुलाच्या फीची तारीख तोंडावर आली होती. दोघीतिघींचं मत पडलं, की एकदा पैसा शिरला की गंमत संपली. कुणाचं कार्ड किती रुपयांचं याची तुलना सुरू होईल. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्यासाठी हा छंद आहे. मी दिवसभर मागावर हेच करते. तिथे पैसे घेते तर इथे का घेऊ नये?"

यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. मला मात्र त्या वेळी आपली सावंतवाडी आठवली.

आंबोलीचा घाट उतरून आपण कितीदा तरी सावंतवाडीला जातो. तिथल्या गंजिफा म्हणजे आपल्या मातीतली इवलीशी चित्रकार्डंच. दशावतारी गंजिफेत गोल पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दश्शी मोठी तर पाच रंगांत एक्का मोठा. दिवसा खेळाची सुरुवात रामाकडून, रात्री कृष्णाकडून. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, रंगवायचे आणि वर लाखेचं रोगण द्यायचं. एका संचासाठी हे १२० वेळा. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले तसे चितारी या कामातून बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर जाणकार एखादाच उरला होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात हे काम पुन्हा उभं केलं, म्हणून आज आपल्याला ती पानं दिसतात. म्हैसूरचीही तीच गोष्ट. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी 'चद' नावाने गंजिफेचे कितीतरी नवे खेळ रचले. राजाश्रय सरल्यावर तीही कला आटत गेली आणि रघुपती भटांसारख्या कलावंतांना ती नव्याने उभी करावी लागली.

या कलेवर प्रेम करणारे तेव्हाही होतेच. पण नुसत्या कौतुकावर चितारी जगत नाही, त्याला पानाचे दाम लागतात.

परदेशातही हाच वाद झाला होता. तिथल्या लोकांनी तोडगा काढला. माप तेच, पण जे कार्ड विकायचं त्याला नावच वेगळं दिलं. आम्हीही तसंच केलं. सतरंजीवर येणारं कार्ड बदलायचं, त्याला किंमत नाही. वहिनींनी घरी मागणीवर केलेलं कार्ड विकायचं आणि त्याची किंमत वहिनीच ठरवणार. वीस कार्डं नागपूरला गेली, फी भरली गेली. पुढच्या महिन्यात वहिनी नेहमीप्रमाणे कार्ड घेऊन आल्या आणि माझं वेडंवाकडं कमळ घेऊन गेल्या. गंमत काही संपली नाही.

मला या छंदातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्यासारख्या हौशी माणसाने एक कार्ड केलं, की मान आखडते, बोटं दुखतात आणि दुपार जाते. मग १२० पानांचा गंजिफा, कसुतीचा पदर किंवा हातमागाची साडी समोर आली, की भाव विचारताना जीभ जरा जपून चालते.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत मुलांना घेऊन बसा. लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, फेविकॉल, घरातले रंग, एवढं पुरे. एक कार्ड आजीला, एक मावशीला, एक शेजारच्या कन्नड मैत्रिणीला. मागे नाव दोन्ही लिप्यांत लिहा. आणि सावंतवाडीला जाणार असाल, तर जाण्याआधी घरी एक गोल पान नक्की रंगवून बघा. तिथे गेल्यावर घासाघीस करावीशी वाटणार नाही.