धुळ्याची पिवळी

केशर आमच्याकडे आली ती धुळ्याहून. देवपुरात मावशीकडे कॉकॅटीलची जोडी होती, दोघंही राखाडी, गालांवर नारिंगी टिकल्या. त्यांच्या पिल्लांत एक पिवळसर पांढरं, लालसर डोळ्यांचं निघालं. हा रंग बापाकडून लेकीत उतरतो, बाप स्वतः राखाडी असला तरी. मावशीने पिवळी आम्हाला दिली आणि तिचा राखाडी भाऊ राजा स्वतःकडे ठेवला. आपले देशी पोपट घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, म्हणून वडिलांनी होकार दिला. भोकं पाडलेल्या खोक्यातून, पारोळा-एरंडोल करत, बाईसाहेब एसटीने जळगावात उतरल्या.

दिवसा तिचा तोरा बघण्यासारखा. वजन शंभर ग्रॅमही नाही, पण तुरा उभारून साऱ्या घरावर नजर. आई स्वयंपाकघरात गेली की हाका सुरू. आईने आतून ‘ओ’ दिली की गप्प. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी टाकून बसायची. ज्वारीचं कणीस दिलं तर दाणे कमी खायची, उधळायची जास्त.

रात्र मात्र वेगळी. सगळे गाढ झोपेत असताना पिंजऱ्यात एकदम धडधड उठायची. पंख तारांवर आपटायचे, भांडी पडायची, फरशीभर राळे. दिवा लावून बघावं तर केशर तळाशी, तुरा ताठ, छाती भात्यासारखी चाललेली. एकदा शेपटीपाशी रक्त दिसलं. नुकत्या फुटलेल्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते मोडलं की वाहतं. आईने कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरली आणि ते थांबलं. थांबलं नसतं तर रातोरात डॉक्टर शोधावा लागला असता.

गंमत म्हणजे आमचं घर रेल्वेलाइनच्या अंगाला. भुसावळकडे जाणाऱ्या मालगाड्या रात्रभर भिंती हलवायच्या, त्याचं तिला काही नव्हतं. पाल चुकचुकली, पाकोळी जाळीला लागली, कूलरची झडप हलून भिंतीवर सावली सरकली, की संपलं. रोजच्या आवाजाची सवय होते. अवचित हालचालीची होत नाही. आणि तिचं चुकत होतं असंही नाही. तिकडे माळरानावर हे पक्षी थव्याने राहतात. काही खुट्ट झालं की आधी उडायचं, मग बघायचं, यातच जीव वाचतो. पिंजऱ्यात उडायला जागा नाही आणि अंधारात तारा नीट दिसत नाहीत, म्हणून तोच शहाणपणा अंगावर येतो. त्यामुळे तिला धीट करायच्या भानगडीत आई पडलीच नाही. तिने घराची रात्र बदलली.

आधी झिरोचा बल्ब आला. पण आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते ती नेमकी रात्री, आणि बल्ब विझून एकाएकी काळोख झाला की त्यानेच ती उडायची. मग बल्ब इन्व्हर्टरवर घेतला. ‘पंख्याआधी पाखराचा दिवा,’ हे वडील पाहुण्यांना पुढे कितीतरी दिवस ऐकवत होते. पिंजरा पूर्ण झाकणं खानदेशच्या उन्हाळ्यात शक्यच नाही, म्हणून तिन्ही बाजूंना जुनं सुती लुगडं आणि पुढची बाजू उघडी. झोका काढून टाकला, खेळणी रात्रीपुरती बाहेर, झोपायची काठी जरा खाली घेतली, म्हणजे पडली तरी थोडक्यात. दिवाळीत ती आतल्या खोलीत जायची, खिडक्या बंद.

तरीही केशर घाबरायचीच, फक्त लागायचं कमी. अशा वेळी आई हात आत घालत नसे. घाबरलेल्या पाखराला वरून येणारा हात म्हणजे घारच. दिवा मोठा करून ती पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसायची आणि अहिराणीत समजूत काढायची, ‘उगी ऱ्हाय वं बाई, मी शे ना आठे.’ एरवी आमच्याशी ती अहिराणी क्वचितच बोलायची. तुरा खाली येईपर्यंत हे चालायचं. तुरा खाली आला, एक पाय पोटात गेला, की आई उठायची. पंख उघडून तपासणं सकाळी, उजेडात.

म्हातारपणी केशर उडेनाशी झाली, तरी दचकायची. शेवटी एका हिवाळ्यात ती गेली.

राजा तिच्यानंतरही होता. महामार्गाचे हॉर्न, लग्नसराईतले डीजे, कानबाईच्या मिरवणुकीतला बँड, सगळ्यातून तो सरळ झोपायचा. पिवळ्या रंगाचे पक्षी रात्री जास्त दचकतात, असं पाळणारे सांगतात. मी ते मावशीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते धुळ्यात राहिली असती तर केशरही भ्याली नसती; जळगावच्या पाण्यातच काहीतरी आहे.