गेटाबाहेरची सिगारेट

तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत शिरताना काडेपेटी आणि लायटर गेटावर जमा करावे लागतात. आत टोल्युइन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन असली पटकन पेट घेणारी सॉल्व्हंट पिंपांत भरलेली असतात, तिथे एक ठिणगी परवडत नाही. वॉचमन खिसे चाचपतो, कामगार आत जातो, आठ तास रिअ‍ॅक्टरपाशी नाहीतर ड्रायरपाशी उभा राहतो आणि पाळी सुटली की बाहेर येतो. टपरी समोरच असते. दिवसाला पाकीट संपवणारा माणूसही हे आठ तास काढतो. गेटापासून टपरीपर्यंतची दोन मिनिटं मात्र त्याला काढवत नाहीत.

बोईसरला मी मानसोपचाराचं काम करते, आणि सिगारेट सोडवण्यासाठी संमोहन वापरते. येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, आत असताना तलफ येते का? "आत कशी येईल, मॅडम? आत ओढताच येत नाही ना!" हे उत्तर देताना आपण काही विशेष बोललो असं कोणालाच वाटत नाही. माझं बरंचसं काम या उत्तरावर उभं आहे.

शरीराच्या हिशेबाने ते उत्तर जुळत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. सातच्या पाळीला आत गेलेल्या माणसाकडे अकरा वाजता पाव हिस्सा उरतो, एक वाजता त्याच्याही निम्मा. तलफ निव्वळ रसायनाची असती, तर तो जेवणाच्या सुट्टीतच सैरभैर व्हायला हवा. प्रत्यक्षात अडीच वाजेपर्यंत गडी ठीक असतो. पावणेतीनला, हात धुताना, पोटात काहीतरी हलायला लागतं. एकाने तर मला नेमकी जागा सांगितली होती: वॉचमन लायटर तळहातावर ठेवतो ना, तिथे.

तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रूवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली विमानातल्या सेवकवर्गावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तीन ते साडेपाच तासांच्या छोट्या उड्डाणांत आणि आठ ते तेरा तासांच्या लांब उड्डाणात आपली तलफ किती आहे याची नोंद केली. छोटं उड्डाण संपत आलं तेव्हा तलफ चढलेली होती. लांब उड्डाणात तेवढेच तास उलटले तेव्हा ती मंद होती, आणि उतरायची वेळ जवळ आली तशी तीही चढली. किती वेळ ओढली नाही, यापेक्षा आता केव्हा ओढायला मिळणार यावर तिची चाल होती. त्यासाठी मला विमानापर्यंत जायची गरज नव्हती म्हणा. पालघरहून सकाळच्या गाडीने चर्चगेटला जाणारी मंडळी दोन तास पत्ते कुटतात, भजनं म्हणतात, सिगारेटीचं नाव काढत नाहीत, आणि मरीन लाइन्स आलं की खिसे चाचपायला लागतात.

संमोहनाविषयी लोक इथे दोन कल्पना घेऊन येतात. एक सिनेमातली, डोळ्यांपुढे हलणाऱ्या घड्याळाची. दुसरी भगताची. या जिल्ह्यात अंगात येणं न पाहिलेला माणूस विरळा, त्यामुळे मीही तसलंच काही करणार अशी धाकधूक असते. प्रा. श्याम मानव अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाबरोबर अनेक वर्षं स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत. त्यांचं नाव घेतलं की निम्मी भीती जाते. उरलेली खुर्चीत बसल्यावर जाते. मग तक्रार उलटी सुरू होते: "मला तर सगळं ऐकू येत होतं, बाहेर टमटमवाला भांडत होता तेसुद्धा. म्हणजे झालंच नाही का?" झालं. ऐकू येणारच. शुद्ध हरपत नाही, फक्त लक्ष एका जागी गोळा होतं आणि एरवी ज्या कल्पनेला मन फाटे फोडतं, ती काही वेळ विनातक्रार ऐकून घेतं.

माझी खोली रेल्वेलाइनजवळ आहे. गाड्या थांबवता येत नाहीत, म्हणून त्यांना कामाला लावते. गाडी जवळ येते तसा श्वास आत, लांब गेली तसा बाहेर, प्रत्येक डब्यागणिक खांदे थोडे सैल. मालगाडी आली तर फारच छान, ती संपता संपत नाही. पुरुष एकटा आला असेल तर मी दार उघडं ठेवते. बायको बरोबर असेल तर तिला कोपऱ्यात बसवते. कितीदा असं होतं की नवरा अजून पापण्या फडफडवत असतो आणि कोपऱ्यातल्या वहिनी केव्हाच गेलेल्या असतात. संमोहित होण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी. थोडे जण चटकन खोल जातात, तितकेच थोडे जवळजवळ जातच नाहीत, बाकीचे मधे. त्याचा हुशारीशी संबंध नाही आणि मनाच्या दुबळेपणाशी तर मुळीच नाही.

माणूस स्थिर झाला की मी त्याला कारखान्यात परत नेते. वेळ दुपारी बाराची. मशीनचा आवाज, हातमोज्यांतला घाम, हेल्मेटचा पट्टा. या घटकेला अंगाला सिगारेट हवी आहे का? मान हलते, नाही. हे न मागणारं अंग त्याचंच आहे, मी दिलेलं नाही. ते त्याला नीट चाचपू देते, अंगठा आणि तर्जनी जुळवून त्याची खूण बांधून घेते. मग तेच अंग घेऊन त्याला गेटाबाहेर काढते: लायटर वॉचमनकडेच राहिला आहे, टपरी डाव्या हाताला आहे, चहाचा वास येतो आहे, मित्र हाका मारत आहेत, आणि चिमटीतली खूण तशीच आहे. पहिल्या दिवशी बसथांब्यापर्यंत. पुढच्या वेळी घराच्या पायरीपर्यंत. थोडक्यात, गेट रोज काही पावलं पुढे सरकवायचं. घरी करायला तीन मिनिटांचं स्वसंमोहन शिकवते, कारण माझी खुर्ची त्याच्याबरोबर टपरीवर जाणार नसते.

शब्द मी फार सुचवत नाही. ज्या भाषेत माणूस शिवी देतो त्याच भाषेत सूचना आत उतरते, असा माझा अनुभव आहे, आणि बोईसरमध्ये लोक पुष्कळ भाषांत शिव्या देतात. मला मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती येते. भोजपुरी किंवा ओडिया माणसाकडून शेवटचं वाक्य त्याच्याच तोंडून घेते. अर्थ मला कळला नाही तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की ते पोचलं.

न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी १९७० मध्ये एकाच बैठकीची पद्धत मांडली. तिच्यात तीन गोष्टी मनावर ठसवायच्या: सिगारेट शरीराला विष आहे, जगायला शरीर लागतं, आणि त्या शरीराचा मान राखणं आपलं देणं आहे. पद्धत सुबक आहे, जगभर वापरली जाते, पण बोईसरला ती पहिल्याच वाक्यावर अडते. विष म्हटलं की समोरचा हसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सगळ्यांत वर होतं. "रात्री खिडकी उघडली की जे आत येतं त्याचं काय, मॅडम? सिगारेटीला फिल्टर तरी असतो." याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणत नाही. विषाची गोष्ट मी सोडून दिली; तिसरं वाक्य, शरीराच्या मानाचं, तेवढं वापरते. दिवसभर दुसऱ्याच्या मशीनची निगा राखणाऱ्याला ते लगेच समजतं.

फी घेण्याआधी आणखी एक सांगते. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अशा १४ अभ्यासांचा आढावा घेतला, आणि सिगारेट सोडायला संमोहन इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देत. एका बैठकीत शंभर टक्के सुटका, अशा पाट्या लावणाऱ्यांकडे ते जाणार हेही मला ठाऊक असतं. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते, अशा माणसाला मी आधी डॉक्टरकडे पाठवते, निकोटिनच्या च्युइंगगमसाठी. त्याच्या बाबतीत रसायनाचा जोर खरा आहे, चिमटीने तो भागत नाही. भास होणाऱ्या, संशयाने पछाडलेल्या माणसावर संमोहन करतच नाही. आणि तिसऱ्या पाळीत जागं राहण्यासाठी ओढणाऱ्याला स्पष्ट सांगते की त्याचा प्रश्न झोपेचा आहे, पाळी बदलून मिळते का बघ.

जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीला मेस्मेरिझमच्या गुंगीत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, क्लोरोफॉर्म येण्याच्याही आधी. हे वाचून आलेला एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, सुरीचं दुखणं जातं तर सिगारेट काय चीज आहे! पण सुरी एकदाच चालते. टपरी रोज उघडते, सणालाही.

आता तंबाखू मळण्याचं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूर काढणारे होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. म्हणजे मी ज्या माणसांवर इतकी मेहनत घेते ते मुळात थोडे, आणि त्यांच्यातला एखादा सिगारेट सोडून सरळ दुसऱ्या मोठ्या जथ्यात जाऊन बसतो. असाच एक फिटर काही महिन्यांनी परत आला. सिगारेट सुटली होती, खिशात चुन्याची डबी आली होती. तंबाखूला ठिणगी नाही, धूर नाही. मोज्यात पुडी ठेवली तर वॉचमनलाही सापडत नाही. मनाई असली तरी आठही तास गालात धरता येते. माझी सगळी रीत गेटावर उभी, आणि या व्यसनाला गेटच नाही.

मी त्याला विचारत बसले, कुठे खात नाहीस? देवळात? खातो, बाहेर थुंकून आत जातो. साहेबासमोर? साहेबही खातो. झोपेत? तो जरा थांबला आणि म्हणाला, कधी कधी तोंडात राहते. मुलीच्या शाळेत? तिथे जातंय कोण, बायको जाते. बराच वेळ असं चाललं. शेवटी मान खाजवत तो म्हणाला, "सासऱ्यांसमोर मात्र नाही खात, मॅडम. दोन-दोन दिवस राहतो त्यांच्याकडे, पण आठवणसुद्धा होत नाही."

सासरे सफाळ्याला राहतात. आम्ही तिथून सुरुवात केली.