सोनीची गादी

आखाड्यावरच्या कुत्र्याला अंथरूण नसतं, जागा असते. आणि ती त्याची तोच शोधतो. आमच्या हिंगोली-परभणीकडे शेतातल्या गोठ्याला आणि त्याला लागून असलेल्या राहत्या छपराला आखाडा म्हणतात, हे कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते. वसमत तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर मोत्या नावाचा पांढरा कुत्रा होता. त्याच्या जागा मला आजही सांगता येतील. उन्हाळ्यात रांजणाजवळची ओली माती. पंजांनी उकरून तो तिथे खड्डा करी आणि मागचे पाय सरळ मागे टाकून, पोट टेकवून पडे. पावसाळ्यात बैलगाडीखाली. थंडीत कडब्याच्या गंजीत, बैलांनी ओढून ओढून केलेल्या खबदाडात. आणि माघ-फाल्गुनात हळद शिजू लागली की भट्टीच्या राखेत.

हळद शिजवणं तेव्हा रात्रंदिवसाचं काम होतं. आता वाफेवरचे कुकर आले. तेव्हा चर खणून त्यावर लोखंडी कढई बसवायची, खाली हळदीचाच वाळलेला पाला आणि पऱ्हाट्या सारत राहायच्या, सालगडी आणि अण्णा आळीपाळीने जागायचे. पहाटे जाळ ओढला की चरातली राख बराच वेळ कोमट राही. मोत्या त्यात जाऊन बसे. दुपारी हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर. त्या दिवसांत तो वरून राखी आणि पोटाखालून पिवळा असायचा; अवकाळी पावसाची एखादी सर आली की परत पांढरा. मायने त्याला एकदा गोठ्याच्या कोपऱ्यात नीट पोतं अंथरून दिलं, तर त्याने ते दातांनी ओढत बाहेर नेऊन टाकलं. अण्णा म्हणाले, "कुत्र्याला जागा दाखवू नाही. त्याला जमीन कळती."

पुढे कळलं की अण्णांच्या बोलण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना तेवढा. बाकीची उष्णता तो धापा टाकून घालवतो, नाहीतर विरळ केसांचं पोट थंड जमिनीला लावून. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत त्याला मऊ गादी द्या, तो उठून मोरीत जाऊन बसेल. थंडीत तोच कुत्रा नाक शेपटीखाली खुपसून अंगाचं वेटोळं करतो, म्हणजे पोटाची ऊब बाहेर जात नाही. कुत्रा कसा निजतो ते चार रात्री पाहिलं की त्याला काय हवंय ते कळतं. पाय ताणून आडवा पडणाऱ्याला सपाट, ऐसपैस जागा लागते. वेटोळं करणाऱ्याला पाठीला काहीतरी टेकायला लागतं. दुकानदार हे विचारत नाही, तो रंग विचारतो.

अंथरूण म्हणावं असं काही कुत्र्याला दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते बाळंतिणीला. गल्लीतली एक काळी कुत्री मार्गशीर्षात तुराट्यांच्या ढिगामागे व्याली. कुत्री व्याली की पोरांनी घरोघर जाऊन पीठ, गूळ, तेल मागायचं आणि तिला शिरा करून घालायचा, ही जुनी रीत. आम्हीही परकराच्या ओच्यात गूळ गोळा केला होता. शिरा खाऊन कुत्री पिलांजवळ गेली, पण जमीन गारठलेली. मायने आधी सुतळीचं पोतं टाकलं आणि वर एक विरलेली वाकळ. शेजारची काकू फणकारली, "मान्साला पुरंनात वाकळी, अन् कुत्रीला कामून गं?" माय म्हणाली, "जनीची वाकळ देवानं पांघरली. हिनं पांघरली तर काय बिघडलं?"

जनाबाईचं गंगाखेड आमच्यापासून काही फार लांब नाही. विठ्ठल आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला आणि इकडे तिच्यावर चोरीचा आळ आला, ही कथा आमच्याकडच्या बायका शेजारणीची गोष्ट सांगावी तशी सांगतात. आणि ज्या नामदेवांच्या घरी जनी राबली, त्या नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी हिंगोली तालुक्यातच, कयाधूच्या काठी. नामदेवांचा जन्म १२७० चा. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, पंजाबातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. तरी आमच्या लेखी ते आधी तुपाच्या वाटीचे नामदेव. मला मात्र त्या गोष्टीत एक उणीव कायम जाणवते. नामदेव जातीने शिंपी. घरात चिंध्यांना तोटा नसणार. पण गोष्ट सांगणाऱ्यांना कुत्र्याच्या कोरड्या भाकरीची काळजी पडली, त्याच्या रात्रीची नाही. खाऊ घालण्यात पुण्य आहे असं आपण मानतो. निजू घालण्यातही असतं, हे मायने मला दाखवलं.

लग्न होऊन मी हिंगोलीत आले. १ मे १९९९ ला परभणीतून निघून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, वसाहती वाढल्या, माती जाऊन फरशी आली. कुत्र्यांच्या बाबतीत हा बदल कुणी नोंदवलेला नाही, पण मोठा आहे. फरशीवर खड्डा उकरता येत नाही. राख नाही, गंज नाही, गाडीची सावली नाही. जागा शोधायचं त्याचं काम आपण काढून घेतलं, तेव्हा अंथरूण द्यायचं काम आपोआप आपल्यावर आलं.

त्यातच पोती बदलली. तागाच्या पिशव्यांसाठी १९८७ चा कायदा आहे म्हणून धान्याला आणि काही प्रमाणात साखरेला अजून सुतळीचं पोतं मिळतं. पण बियाणं, खत, पेंड सगळं प्लॅस्टिकच्या विणीत येतं. सुतळीचं पोतं ओल पितं, उन्हात टाकलं की वाळतं, धाग्यांमध्ये हवा धरून ठेवतं. प्लॅस्टिकचं फरशीवर सरकतं, ओल वरच ठेवतं आणि कडेचे धागे सुटले की पिलू ते गिळतं.

सोनी आम्हाला हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डाबाहेर सापडली. हातावर मावेल एवढी, हळदीच्या फाटक्या पोत्यात, पोटाखालून पिवळी. म्हणून सोनी. तिच्यात थोडं कारवानी रक्त असावं: लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, अंगावर चरबी म्हणून नाही. असल्या काटक कुत्र्याचं हाड थेट फरशीवर टेकतं. वय झालं तशी तिच्या कोपरांची कातडी जाड आणि राखाडी झाली, केस गेले, घट्टे पडले. पशुवैद्यांनी मागचे सांधे चाचपले आणि संधिवात सांगितला.

पुण्याच्या मुलाने तातडीने गादी पाठवली. मेमरी फोमची, गुबगुबीत, चारी बाजूंनी लोड. हा फोम १९६६ साली अमेरिकेच्या नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरता शोधला. तो आमच्या ओसरीवर एका यार्डातल्या कुत्रीसाठी यावा याची मला गंमत वाटली. हौसेला काही मोल नसतं हे खरंच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अठराव्या शतकातलं एक फ्रेंच श्वानगृह आहे, सोनेरी मुलाम्याच्या लाकडाचं, आतून मखमल. तो कुत्रा तिथे झोपत होता की खुर्चीखाली, कोण जाणे. सोनी मात्र आमच्या गादीवर झोपली, आणि गाढ झोपली. कुत्री महागड्या गाद्या नाकारतात असल्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. आमची तशी नव्हती.

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास जमीन हादरली. वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांतल्या गावांना जमिनीखालचे आवाज नवे नाहीत, मार्चमध्येही धक्के बसले होते, पण ४.५ रिश्टरचा हादरा भांडी खाली आणतो. आम्ही सगळे अंगणात पळालो. सोनीला आमच्याआधी कळलं असणार, कारण ती उठायच्या खटपटीत होती. पुढचे पाय फोममध्ये रुतलेले, मागच्यांत जोर नाही, लोडावरून पलीकडे जाता येईना. दोनदा उठली, दोनदा बसली. मी परत आत जाऊन तिला पोटाखाली हात घालून उचललं.

त्या सकाळी मला अण्णांचं बोलणं नव्याने कळलं. तरुण कुत्रा आपली जागा बदलू शकतो, म्हणून त्याला काहीही चालतं. म्हाताऱ्याला आपण जिथे ठेवू तिथेच राहावं लागतं, म्हणून त्याचं अंथरूण निजायला कसं आहे यापेक्षा उठायला कसं आहे हे आधी पाहावं. घट्ट, दाट फोम अशा कुत्र्याला मानवतो. नुसता मऊ नाही. गादीवर मूठ दाबून पाहा. बोटांची हाडं फरशीला लागली तर ती गादी नव्हे, फुगवटा. लोड तिन्ही बाजूंना असला तरी चौथी बाजू मोकळी आणि खाली हवी.

मी पिंजाऱ्याकडे गेले. धनुकलीचा आवाज गल्लीत येईनासा झाला, आता दुकानात मशीन असते. घरातली जुनी गादी मोडून, कापूस पिंजून लहान गादी भरून द्या म्हटलं. माप सोनी आडवी असताना घेतलं होतं, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, वर एक वीत. "नातवाला का?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग टाके जवळ जवळ घालतो बाई. नखानं उकरलं तरी कापूस निघू नाही." आणि दाभणाने बोटभर अंतरावर टाके घातले. कापूस ठासून भरल्यामुळे गादी जराशी दबते, रुतत नाही. तिच्याखाली सुतळीचं पोतं, म्हणजे फरशीवर सरकत नाही. वर बाळाचं मेणकापड, कारण म्हातारपणी रात्री कधी आवरत नाही. त्यावर जुन्या सुती लुगड्याची खोळ, आठवड्याला गरम पाण्यातून काढायची.

खोळ धुण्याचा आळस करू नये. गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली गळते आणि भिंतीच्या भेगांत, पोत्याच्या दुमडीत हजारोंनी अंडी घालते. अंथरूण गलिच्छ असेल तर कुत्र्याला लावलेलं औषध वाया जातं. कापसाच्या गादीलाही खोड आहे, वर्षा-दोन वर्षांत गाठी होतात, परत पिंजावी लागते. पण मराठवाड्यात ऊन फुकट आहे, तेवढं वापरावं. सोनीचे घट्टे गेले नाहीत, ते जात नसतात. ती आता कुणी न उचलता उठते.

कार्तिक लागला की आमच्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो. तुमच्या दारात, जिन्याखाली, दुकानाच्या पायरीवर जो कुणी वेटोळं करून पडलेला असेल, त्याच्यासाठी एक सुतळीचं पोतं दुहेरी करून टाका. खताचं किंवा कीटकनाशकाचं पोतं धुऊनही नको. कुत्रं अंग चाटतं. पोतं भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं ठेवा, सकाळी उन्हात झटका, ओलं झालं तर बदला. किराणा दुकानदाराला मागितलं तर जुनं पोतं तो देतो, बहुधा पैसे न घेता.