शाकारलेल्या छपराखालचं संगीत

चि. सोनूस,


डेन्मार्कमधल्या स्वेन्बोर्गजवळच्या खाडीकाठचा तुझा फोटो पाहिला. मागचं गवतानं शाकारलेलं घर जर्मन नाटककार ब्रेख्तचं, हे तू बरोबर ओळखलंस. त्याच्या नाटकावरून पुलंनी केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे ते नाव आपल्याकडे रुळलेलंच आहे. पण तिथे हान्स आइस्लर हा संगीतकारही येऊन राहिला होता. त्याची गोष्ट तुला माहीत असायलाच हवी.

आइस्लर संगीतकार शोनबर्गचा शिष्य. व्हिएन्नात वाढला, बर्लिनमध्ये कामगारांच्या गायनमंडळांसाठी गाणी रचू लागला. वडील ज्यू, स्वतः डाव्या विचारांचा. 1933मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीची दारं त्याला बंद झाली. ब्रेख्तनं त्याच वर्षी स्कोव्सबोस्ट्रँडला हे घर घेतलं. आइस्लर मात्र पॅरिस, लंडन, अमेरिका असा फिरतच राहिला. 1934मध्ये तो ब्रेख्तकडे आला आणि दोघांनी एका नाटकाची गाणी रचली. ते नाटक 1936मध्ये कोपनहेगनला रंगभूमीवर आलं.

खरं काम झालं 1937मध्ये. स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांना भेटून तो पुन्हा स्कोव्सबोस्ट्रँडला आला आणि कित्येक महिने राहिला. इटालियन निर्वासित लेखक सिलोने याच्या मजकुरावर त्यानं छोट्या कॅन्टाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीनं गायच्या रचना, लिहिल्या. एक गायक किंवा गायिका, दोन क्लॅरिनेट, एक व्हायोला, एक चेलो, बस्स. परागंदा माणसाला वाद्यवृंद कोण देणार? पाच जण जमले की वाजवता येईल, असं संगीत त्यानं मुद्दाम लिहिलं असावं, असं मला वाटतं. आणि त्याच सुमारास तो ‘जर्मन सिंफनी’सारखी अवाढव्य रचनाही करत होता! त्यातला बराचसा मजकूर ब्रेख्तचा, विषय छळछावण्यांतले कैदी. तिचे दोन भाग त्या वर्षी पॅरिसच्या संगीत महोत्सवात व्हायचे होते. जर्मन सरकारचा दबाव आला, तेव्हा आयोजकांनी सुचवलं की गायकांऐवजी सॅक्सोफोन वाजवू, म्हणजे शब्द ऐकू येणार नाहीत. त्यानं साफ नकार दिला. मला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो इथे.

1938मध्ये तो अमेरिकेला गेला, 1948मध्ये तिथूनही त्याला घालवलं. ती सिंफनी पूर्ण स्वरूपात वाजली 1959मध्ये, पूर्व बर्लिनला. सुदैवानं तो तेव्हा हयात होता.

तू आधी कॅन्टाटा ऐक, सिंफनी नंतर. शब्द समोर ठेवून ऐक, आणि काय वाटलं ते सविस्तर लिही.

तुझी,
आत्या