सलाइनची बाटली

आमच्या घरांत सलाइन म्हणजेच इलाज. गडचिरोलीला मामूंना मेंदूचा मलेरिया झाला. मामी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आणखी एक बाटली लावा ना!" डॉक्टर नाही म्हणाले. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली : गरीब म्हणून टाळताहेत. मामू पुढे बरे झाले, पण तो संशय मला अजून सलतो.

या आजारात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. तो अडथळा पाण्यानं निघत नाही. उलट मोठ्या माणसात जादा सलाइन फुफ्फुसांत उतरू शकतं. किडनी मंदावली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून ते बेतानं देतात, श्वास आणि लघवीवर नजर ठेवून. जंतू मारतं ते आर्टेसुनेटचं इंजेक्शन.

तेव्हा बाटल्या मोजू नका. विचारा : इंजेक्शन सुरू झालं का? लघवी किती झाली? दम लागतोय का?